दोन कुलपांचा महिना

आमच्या चौकीबाहेर एक पाटी आहे. 'या महिन्यातल्या सायकलचोऱ्या' असं तिच्यावर लिहिलेलं असतं आणि पुढच्या चौकोनात आकडा अडकवायची सोय असते. यंदा नोव्हेंबरच्या पंचवीस तारखेच्या सकाळपर्यंत त्या चौकोनात शून्य होतं. हे शून्य आपोआप आलेलं नव्हतं, मी मिळवलं होतं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी मिळवलेल्या गोष्टींपैकी रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला दिसावी अशी ही पहिलीच.

मी असारी सुमिए, हिराकुरा स्टेशनच्या दक्षिण दारासमोरच्या पोलीस चौकीची प्रमुख. दिवसपाळीला माझ्या हाताखाली एक शिपाई असते, तानेमुरा फुताबा. वय तेवीस. प्रशिक्षण शाळेतून बाहेर पडून तिला सात महिने झालेत आणि तिथे शिकवलेलं ती अजून एक अक्षरही विसरलेली नाही. हा तिचा एकमेव दोष.

मुख्य ठाण्याने नोव्हेंबर हा 'दोन कुलपांचा महिना' म्हणून जाहीर केला होता. सायकलला एक कुलूप असतंच, चोर ते मिनिटात उघडतो, तेव्हा दुसरंही लावा, एवढाच संदेश. ज्या चौकीच्या हद्दीत महिनाभर एकही चोरी होणार नाही आणि प्रत्येक सायकल दोन कुलपांत सापडेल, तिला शेवटच्या शुक्रवारी ठाणेप्रमुख स्वतः येऊन, शाळेतल्या मुलांसमोर, मानपत्र देणार होते. मानपत्र म्हणजे कागद, हे मला कळतं. पण माझ्या नवऱ्याला शेवंतीच्या प्रदर्शनात दरवर्षी एक मिळतं. आमच्या बैठकीच्या भिंतीवर त्याची सात आहेत. शेवंती जागची हलतसुद्धा नाही. माझ्या वाट्याच्या भिंतीवर एक खिळा आहे आणि त्याला कॅलेंडर टांगलेलं आहे.

तर मी कामाला लागले. कामाला लागलेल्या माणसाचा वास इवाकिरी सानना दोन गल्ल्यांवरून येतो. ते आमच्या वस्ती मंडळाचे अध्यक्ष, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त. पहिल्याच आठवड्यात ते चौकीत येऊन बसले.

'असारी सान, पत्रकं वाटून काही होत नाही,' ते म्हणाले. 'लोक त्यात भाजलेली रताळी गुंडाळतात. मी पाहिलंय. आपणच लावू कुलपं.'

'म्हणजे?'

'ज्या सायकलला दुसरं कुलूप नाही तिला आपण लावायचं. किल्ली तुमच्याकडे. माणूस किल्ली मागायला येणार, तुम्ही त्याला दोन मिनिटं उपदेश करणार, कुलूप त्यालाच भेट. आयुष्यभर विसरणार नाही.'

शेवटचं वाक्य खरं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या गाडीने उतरलेले एक्केचाळीस लोक चौकीसमोर रांगेत उभे होते. मंडळाच्या पाच ज्येष्ठ सभासदांनी दुपारभर खपून कुलपं लावली होती आणि सगळ्या किल्ल्या एका बिस्किटांच्या डब्यात टाकल्या होत्या. किल्ल्या एकसारख्या दिसत होत्या. कोणती कशाची, हे लिहून ठेवायचं असतं हे पाणीपुरवठा खात्यात कोणाला ठाऊक नसावं. एका गृहस्थाने वैतागून आपली सायकल खांद्यावर घेतली आणि घरचा रस्ता धरला. तानेमुराने त्याला अडवून नोंदणीचा कागद मागितला, कारण कुलूपबंद सायकल खांद्यावरून नेणारा माणूस तिच्या पुस्तकात सातव्या पानावर आहे.

एवढं होऊनही आकडे सुधारले. लोक घाबरून स्वतःच दुसरं कुलूप लावू लागले. राहिल्या फक्त टोफूच्या दुकानातल्या नागुमो आजी. त्यांची सायकल टोफूच्या पिंपांना बांधायच्या दोरीने खांबाला बांधलेली असायची.

'आजी, दोरी म्हणजे कुलूप नाही,' तानेमुरा म्हणाली.

'सोडून दाखव.'

'तो प्रश्न नाही, आजी. नियमात...'

'सोडून दाखव, पोरी. मग नियम सांग.'

तानेमुरा वीस मिनिटं त्या गाठीशी झटली. नंतर तिने वहीत लिहिलं: 'कुलूप दुसरे, दोरीचे, परिणामकारक.' अशा रीतीने आम्ही शंभर टक्क्यांवर पोहोचलो. उत्तर दाराच्या चौकीत तोवर दोन चोऱ्या झाल्या होत्या, आणि मी त्याबद्दल दुःख व्यक्त करायला मुद्दाम फोन केला होता.

पंचवीस तारखेला, मंगळवारी, मी सकाळी नेहमीसारखी सायकलवरून आले. चौकीच्या दारात एक बाई हातात कासव घेऊन उभी होती. फलाटावर सापडलं म्हणे. सापडलेली वस्तू म्हणजे फॉर्म, आणि वस्तू जिवंत असली तर मोठा फॉर्म. मी सायकल चौकीच्या भिंतीला टेकवली आणि दोन मिनिटांत येते असं स्वतःला सांगून आत गेले. तानेमुराने कासवाची लांबी मोजली, रंग लिहिला, 'विशेष खुणा' या रकान्यात काय लिहावं यावर आमची चर्चा झाली. कासवाने मान आत घेतली तेव्हा लांबी पुन्हा मोजावी लागली. पन्नास मिनिटांनी मी बाहेर आले तर भिंत होती, सायकल नव्हती.

मी चौकीला एक फेरी घातली. मग उलटी घातली. आत आले तेव्हा तानेमुराने टेबलावर चोरीच्या तक्रारीचा फॉर्म काढून ठेवलेला होता. तिने खिडकीतून माझ्या दोन्ही फेऱ्या पाहिल्या होत्या.

'बसा, मॅडम,' ती म्हणाली.

'चोरी झाली असं मी म्हणत नाहीये. मी म्हणतेय, सायकल दिसत नाही.'

'दिसत नाही म्हणणाऱ्याला आधी खुर्ची द्यायची, मग फॉर्म. तुम्हीच शिकवलंत.'

मी बसले. त्या खुर्चीवर मी कधी बसले नव्हते. ती एका पायाने आखूड आहे.

'रंग?'

'चंदेरी. पुढे टोपली. तुला माहीत आहे, तानेमुरा.'

'मला माहीत असून चालत नाही. कुलूप होतं की नव्हतं?'

बाहेर पाटीवरचं शून्य मला मागून दिसत होतं. मागूनही ते शून्यच दिसतं.

'पेन्सिलने लिही,' मी म्हटलं.

'फॉर्म पेनानेच भरतात, मॅडम.' तिने पेनाचं टोपण काढलं, पण लगेच लिहिलं नाही. 'एक करता येईल. फॉर्म पाळी संपताना दाखल करते. पाच वाजता. त्याआधी सायकल सापडली तर चोरी झालीच नाही. नाही सापडली तर आकडा मी बदलेन. तुम्हाला स्टुलावर चढायला नको.'

हे तिने सहानुभूतीने म्हटलं, म्हणून जास्त लागलं.

म्हणजे माझ्याकडे पाच वाजेपर्यंतचा वेळ होता. त्यानंतर चौकोनात एक, आणि महिनाभरातल्या एकमेव चोरीची फिर्यादी म्हणून माझंच नाव. मानपत्र तर जाणारच, शिवाय शुक्रवारी मुलांसमोर उभं राहून मी नेमकं काय बोलणार, हाही प्रश्न होता. मी इवाकिरी सानना गाठून सहज बोलल्यासारखं विचारलं, आज कोणी अनोळखी माणूस फिरताना दिसला का.

'कोणाची गेली?' त्यांनी विचारलं.

'कोणाची नाही. सर्वसाधारण चौकशी.'

'तुमची गेली,' ते म्हणाले. 'आज सकाळी ती भिंतीला बिनकुलपाची दिसली. आमचे सभासद तिलाही लावणार होते. मी म्हटलं, पोलिसांच्या सायकलला आपण कुलूप लावणं शोभत नाही. त्यांचा मान आहे.'

'तुम्ही कोणाला बोलू नका.'

'अजिबात नाही,' असं म्हणून ते गेले आणि अर्ध्या तासात पाचही सभासद पिवळी जाकिटं घालून, शिट्ट्या घेऊन चौकाचौकात उभे राहिले. वर्णन होतं: चंदेरी सायकल, पुढे टोपली, चालवणारी व्यक्ती सापडल्यास थांबवणे. आमच्या गावातल्या निम्म्या सायकली आणि जवळजवळ सगळ्या बायका या वर्णनात बसतात. बारा वाजेपर्यंत त्यांनी नऊ बायका चौकीत आणल्या. नववी मुख्याध्यापकांची पत्नी होती, टोपलीत कांद्याची पात.

'तुमच्या यजमानांच्या शाळेतलीच मुलं शुक्रवारी यायची आहेत,' मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

'मला वाटलं, त्यांना दाखवायला आधीपासून चोर जमवताय,' ती म्हणाली, आणि तानेमुराने दिलेला चहा तिने घेतला नाही.

सगळ्यांची माफी मागून झाल्यावर मी टोफूच्या दुकानात गेले. खरं तर टोफू घ्यायला.

'सायकल शोधतेस ना?' नागुमो आजींनी विचारलं. 'पण तिथल्या सगळ्याच नाही का नेल्या नऊ वाजता? नगरपालिकेचा ट्रक आला होता की. फुटपाथवरच्या बारा-पंधरा उचलल्या.'

'आजी, हे मघाशी का नाही सांगितलंत? इवाकिरी सान विचारायला आले असतील.'

'आले होते. त्याने चोर पाहिला का विचारलं. मी म्हटलं नाही. ट्रकबद्दल तो काही बोललाच नाही.' त्यांनी टोफू पिशवीत ठेवला. 'ट्रक तूच बोलावलास म्हणत होते त्यातले लोक.'

मी बोलावला होता. चौकीसमोरचा फुटपाथ मोकळा करावा म्हणून ऑक्टोबरपासून मी नगरपालिकेला तीन पत्रं पाठवली होती. तिसऱ्यात जरा कडक भाषा वापरली होती: 'कोणाचीही गय न करता.' खाली माझा शिक्का. सकाळी कासव मोजताना बाहेर मागे येणाऱ्या ट्रकची पीं पीं मी ऐकलीही होती, आणि अखेर नगरपालिका हलली म्हणून मला बरं वाटलं होतं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रजेवर असताना ओळखपत्र चौकीतच ठेवावं लागतं. गणवेश उतरवला, साधा कोट घातला, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून तोंडाला मास्क आणि डोक्याला टोपी, आणि बसने नगरपालिकेच्या आवारात पोहोचले. तिथे उचललेल्या शेकडो सायकलींच्या रांगा. माझी मला लगेच दिसली. तिच्या शेजारच्या सगळ्यांना दोन-दोन कुलपं होती.

खिडकीत सुगितानी नावाचे गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले, शाई लागू नये म्हणून बाह्यांवर काळी आवरणं चढवलेले. त्यांनी सायकलवरच्या नोंदणीच्या क्रमांकावरून यादी पाहिली आणि माझ्या वाहन परवान्याकडे पाहिलं.

'नाव जुळत नाही.'

'सायकल माझ्या नणंदेच्या नावावर आहे. तिने मला दिलीय.'

'दिल्याचा कागद?'

'नणंदेकडून कोण कागद घेतं? हे पाहा, मी पोलीस आहे. दक्षिण दाराच्या चौकीची प्रमुख.'

सुगितानी सानांनी मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे एक पोस्टर होतं: 'पोलीस असल्याचं सांगणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. चौकीला फोन करून खात्री करा.' खाली आमच्या चौकीचा क्रमांक. पोस्टरची ही कल्पना गेल्या वर्षीची, माझी. मी पाहत असतानाच त्यांनी फोन फिरवला आणि सायकलचा नोंदणी क्रमांक सांगितला.

पलीकडून तानेमुराचा आवाज आला. तो आवाज खणखणीत आहे, फोनबाहेरही ऐकू येतो. 'नोंदणी योशिई तोकुको यांच्या नावावर आहे. समोरच्या बाई तेच नाव सांगतायत का?'

'नाही. मास्क आहे, टोपी आहे. पोलीस असल्याचं सांगतायत.'

'त्यांना बसवून ठेवा. मी येते.'

'द्या इकडे फोन,' मी म्हटलं. 'मी तिची वरिष्ठ आहे.'

'असंच म्हणतात सगळे,' सुगितानी सान म्हणाले आणि त्यांनी माझ्यासाठी खुर्ची आणली. ही खुर्ची निदान डुगडुगत नव्हती.

पाऊण तासात तानेमुरा आली, सरकारी पांढऱ्या सायकलवरून, घामाघूम. तिने आधी त्या सायकलला दोन कुलपं लावली. मग आत आली, मला पाहिलं आणि दारातच थांबली. मास्कवरून डोळ्यांनीच मी तिला ओळख दाखवली. तिने मला कडक सलाम ठोकला. सुगितानी सान उठून उभे राहिले. मला वाटलं, संपलं.

'सायकलच्या विशेष खुणा सांगा,' ती म्हणाली.

'तानेमुरा.'

'चौकी रिकामी सोडून आलेय, मॅडम. संशयित महिलेच्या चौकशीला जाते असं मुख्य ठाण्याला कळवलंय. आता चौकशी केली नाही तर मी काय लिहू?'

म्हणजे मुख्य ठाण्यालाही कळलं होतं. मी मास्क काढला आणि खुणा सांगितल्या. डावा ब्रेक किंचाळतो. बसायची गादी फाटलीय, आतून निळी चिकटपट्टी आहे. ती प्रत्येक खूण बाहेर जाऊन तपासून आली, प्रत्येक वेळी 'धन्यवाद' म्हणाली, आणि एकदाही हसली नाही. अशी चौकशी करायला मी तिला शिकवलं होतं. मी स्वतः ती इतकी नीट कधी केली नसेल. मग तिने तोकुकोला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तसा नियम आहे की नाही, मी नंतर पाहिलं. नाही.

माझी नणंद सेंदाईला राहते. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

'दिली?' ती म्हणाली. 'मी कशाला देऊ? वहिनीने नेली. दोन दिवसांसाठी. नऊ वर्षं झाली. मला वाटलं, आठवलं की आणून देईल.'

तानेमुराने माझ्याकडे पाहिलं नाही. ती वहीत लिहीत होती. 'तुम्हाला तक्रार नोंदवायची आहे का?'

'काय होतं त्यात?'

'उसन्या वस्तूचा अपहार. पाच वर्षांपर्यंत कैद.'

तिने पाच वर्षांचा खरोखर विचार केला.

'पाच जास्त होतात,' तोकुको म्हणाली. 'ती नवीन वर्षाला आमच्याकडे जेवते आणि भांडी घासायला उठत नाही, तेवढं तिला सांगा.'

'ते नोंदीत घेता येणार नाही, बाई.'

'नोंदीत नको. तिला ऐकू गेलं तरी पुरे.'

'ऐकू जातंय,' सुगितानी सान म्हणाले.

'सायकल ठेव म्हणावं. पण उसनी होती हे एकदा तिने तोंडाने म्हणू दे.'

मी म्हटलं. नगरपालिकेच्या एका कर्मचाऱ्यासमोर आणि माझ्या हाताखालच्या शिपायासमोर म्हटलं. सुगितानी सानांनी चहा ओतला आणि पुढच्या वर्षी ते पोस्टर जरा मोठं छापावं, असं सुचवलं.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना आम्ही चौकीत होतो. चोरी झाली नव्हती, फॉर्म फाडला गेला, शून्य जागेवर राहिलं. मी खुर्चीत टेकले. माझ्या. तेवढ्यात तानेमुराने दिवसाची नोंदवही माझ्यासमोर उघडून ठेवली. पान तिच्या सुबक अक्षरात भरलेलं होतं. शेवटची ओळ: 'सायकल चौकीच्या भिंतीलगत आढळली होती. कुलपे: एकही नाही.' खाली माझ्या शिक्क्याची जागा मोकळी.

'मी चौकात एक फेरी मारून येते,' ती म्हणाली आणि गेली. फेरी अर्ध्या तासापूर्वीच झाली होती.

इवाकिरी सान दारातून सगळं पाहत होते. ते आत आले आणि चष्मा लावून त्यांनी सगळं पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

'ही ओळ नको,' ते म्हणाले. 'प्रत्येक सायकलला दोन कुलपं, ही दुसरी अट आहे ना? एका ओळीने महिना पाण्यात.'

'घडलंय तसं लिहिलंय तिने.'

'पण सायकल तुमची नव्हतीच. सेंदाईच्या बाईंची होती. आपल्या हद्दीबाहेरच्या माणसाच्या सायकलला कुलूप नव्हतं, त्यात आपल्या चौकीचं काय गेलं? पान नव्याने लिहायला सांगा. ती ऐकेल. तुमच्या हाताखाली आहे.'

ते बरोबर बोलत होते. ती ऐकली असती. तेच मला नडलं. पुढची पस्तीस वर्षं ती पोरगी कोणाच्या ना कोणाच्या सांगण्यावरून पानं नव्याने लिहीत राहिली असती, आणि पहिलं पान माझं असतं. हा विचार थोर वाटतो, म्हणून हेही सांगते की तो सुचण्याआधी मी पंधरा मिनिटं ड्रॉवरमध्ये शिक्का शोधल्यासारखं केलं. शिक्का टेबलावरच होता. अखेर इवाकिरी सानांनीच तो उचलून माझ्या हातात दिला आणि तोंड दुसरीकडे केलं. मी तो त्या ओळीखाली उमटवला.

मानपत्र उत्तर दाराच्या चौकीलाही मिळालं नाही, कारण त्यांच्या दोन चोऱ्या होत्या. त्यांनी दुःख व्यक्त करायला मला फोन केला.

गुरुवारी मुख्य ठाण्यातून बोलावणं आलं. मंगळवारची नोंद वरपर्यंत गेली होती. ठाणेप्रमुखांना ती फार आवडली होती, विशेषतः संशयित व्यक्ती वरिष्ठ असल्याचा दावा करत असतानाही शिपायाने शांतपणे, सौजन्याने चौकशी पूर्ण केली हा भाग. शुक्रवारचा कार्यक्रम ठरलेलाच होता, मुलं येणारच होती. मानपत्र तानेमुराला द्यायचं ठरलं. फक्त त्यासाठी शिफारस लागते, आणि शिफारस लिहायची असते थेट वरिष्ठाने. मी ती लिहिली. 'वय सुमारे चव्वेचाळीस, मास्क आणि टोपी घातलेली एक महिला' हे शब्द माझे आहेत. वयाच्या बाबतीत मुख्य ठाण्याने 'सुमारे' खोडलं.

शुक्रवारी दुसरीच्या वर्गातली साठ मुलं पिवळ्या टोप्या घालून चौकीसमोर बसली. ठाणेप्रमुखांनी मानपत्र वाचलं. तानेमुराने दोन्ही हातांनी ते घेतलं, वाकली, आणि मग माझ्याकडे वळून पुन्हा वाकली, पहिल्यापेक्षा खोल. तिचे कान लाल झाले होते. टाळ्या मी इतरांपेक्षा जरा जास्त वेळ वाजवल्या, कारण माझ्याकडे दुसरं काही काम नव्हतं.

नंतर मुलांनी प्रश्न विचारायचे होते. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला आणि ठाणेप्रमुखांना, तानेमुराला, सगळ्यांना सोडून मला विचारलं, 'पोलीसबाई, ती मास्कवाली बाई पकडली गेली का?'

'हो,' मी म्हटलं.

'मग सोडली का?'

'समज देऊन सोडली.'

'ती परत असं करेल?'

साठ टोप्या माझ्याकडे पाहत होत्या. मुख्याध्यापकही पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांच्या पत्नीने घरी सगळं सांगितलेलं दिसत होतं.

'करायची शक्यता आहे,' मी म्हटलं. 'म्हणून आम्ही तिला एकटी सोडत नाही. तानेमुरा सान रोज सकाळी आठ वाजता तिची सायकल तपासतात.'

तानेमुराने खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं. सोमवारी आठला दोन मिनिटं कमी असताना ती चौकीच्या दारात उभी होती.